शेकडा अठरा

लावण्या झोपेत मान घासते उशीवर,
मांजर उंबऱ्याला अंग घासतं तशी.
मोबाईलच्या उजेडात पाहिलं,
केसांच्या खाली, मणक्याच्या वरच्या गाठीपाशी
लाल चौकोन.
दोन इंच बाय एक.
मोजायची गरज नव्हती मला.

विडी घरकुलात गोष्ट पसरायला सकाळ पुरते.
बोल्लीवहिनी आमसुलाचं पाणी घेऊन आल्या : पित्त उठलंय.
समोरच्या नरसम्मानं गेरू फासला,
वरून घोंगडीचा तुकडा फिरवला गरागरा,
पोरगी अशी किंचाळली की कुत्री उठली.
सिव्हिलच्या डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या,
"कपडा बदला."

कपडा बदला.
शाळेचा शर्ट आहे बाई तो.
कारखान्यातूनच घेतलेला, सेकंडचा,
खिशावर तेलाचा ठिपका म्हणून निम्म्या किमतीत.
ठिपका मी खडूनं घालवला होता,
आणि वाटलं होतं, जिंकले.

दुपारी पत्रा तापलेला.
शर्ट उलटा करून मांडीवर घेतला.
कॉलरच्या आत लेबल,
चारी कडांनी पारदर्शक नायलॉनचा दोरा,
कोपऱ्यावर टोकं उभी, माशाच्या काट्यासारखी.
बोट फिरवलं तर बोटालाच लागलं.
आणि शेवटचा टाका डावीकडे कललेला.

डावीकडे कललेला टाका
अख्ख्या हॉलमध्ये एकाच मशीनचा येतो.
सात नंबर. खिडकीजवळची.
माझी.

ब्लेडनं एकेक टाका उसवला.
लावण्या शेजारी बसून लेबल वाचत होती,
नव्या नव्या इंग्रजीत, अक्षराला अक्षर जोडून :
"सॉ...फ्ट... ट...च."
मग म्हणाली, "अम्मा, म्हणजे मऊ ना?"
मी म्हटलं, "हो. तेल आण खोबऱ्याचं."

आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी.
तरी शर्ट दोनदा खळबळला,
पावडरचा वास जाईपर्यंत,
ते पाणी मग फरशीला, फरशीचं मोरीला.
या गावात कापड इतकं
की श्वासातही तंतू येतो,
पण एका मानेला लावायचं म्हटलं
तर घरात मऊ म्हणावं असं काही सापडेना.
चादर? ती तर अंगाला किसणीच, पहिली दहा वर्षं.

शेवटी ट्रंकेच्या तळाशी नान्नाची लुंगी मिळाली.
धुऊन धुऊन चौकटी विरल्या होत्या तिच्या,
कुठली रेघ निळी, कुठली हिरवी, कळत नव्हतं.
हातात घेतली तर वजनच नाही.
बोटभर पट्टी फाडली,
कॉलरच्या आत बसवली, हातानं,
सुती दोऱ्यानं,
गाठ बाहेरच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी सात नंबरवर बसले.
शेजारी लेबलांचा गठ्ठा,
शेकडा अठरा रुपये.
खोक्यांवर गावांची नावं मला वाचता येत नाहीत,
मास्तर म्हणतात, वाळवंटातल्या शाळा आहेत.
तिथं ऊन आपल्यापेक्षा जास्त,
घामही जास्त असणार.
प्रत्येक लेबलाला चारच टोकं.
टोक आत दुमडायला
मला श्वासाएवढा वेळ लागतो,
मोठा नाही, साधा श्वास.

संध्याकाळी गज्जम मास्तरांनी वही पुढे केली.
"येमुलबाई, आज पंच्याऐंशी कमी?"
"दोरा तुटतोय, मास्तर."
त्यांनी दोरा ओढून पाहिला.
तो तुटत नाही, त्यांनाही ठाऊक आहे.
वहीत काहीतरी लिहिलं, आणि आठ नंबरकडे गेले.

घरी लावण्या पालथी झोपली होती,
मान उघडी, चौकोन फिकट, कडा विरलेल्या,
लुंगीच्या रेघांसारख्या.

मी मात्र जागी.
मान खाजतेय सारखी,
आणि माझ्या ब्लाउजला
लेबल नाहीच.