अर्थिंग

मंडईच्या पोस्टरांची वही उलटी केली
आणि मागच्या पानावर लिहिलं:
एकूण बत्तीस हजार.
त्यातले चार अजून वडशाच्या एका नाटक कंपनीकडे.
"पयल्या प्रयोगाले देतो," म्हणाले होते मालक,
गेल्या साली.

प्रोसेसर, आतच ग्राफिक्स असलेला.
वेगळं कार्ड घेतलं तर नुसतं कार्डच घ्यावं लागेल,
आणि ते मांडीवर घेऊन बसावं लागेल.
रॅम सोळा.
खोडलं. आठ.
शेजारची खाच रिकामी,
पंगतीत उशिरा येणाऱ्या पाहुण्याचा पाट धरून ठेवतात तशी.

सॉकेट जुळलं पाहिजे, हे सगळ्यात आधी शिकले.
मावशीला सांगितलं तर म्हणते,
"मंग पत्रिकाच पाहून रायली न तू."

मॉनिटर जुना, सीताबर्डीवरचा, कुठल्याशा बँकेतून निघालेला.
कोपऱ्यातला एक ठिपका कायमचा हिरवा.
चालेल. धानाच्या गावात हिरवं खपतं.

काचेच्या कॅबिनेटवर दोन रात्री गेल्या.
आत दिवे लागतात त्याच्या,
जांभळे, निळे, पडदा उघडायच्या आधी स्टेजवर असतात तसे.
मग साधं, काळं, पत्र्याचं.

तरी बेरीज एकोणीसशेनं वर.
तीनदा केली, तीनदा वर.
तेव्हा नजर गेली यादीतल्या शेवटच्या ओळीवर:
पॉवर सप्लाय.
एक खोकं आणि वायरींचा गुंता,
ज्याचा फोटो कोणी कोणाला दाखवत नाही.
अठ्ठावीसशे खोडून नऊशे लिहिलं.
बेरीज जुळली. झोप लागली.

सकाळी वही बाबांच्या हातात.
खांद्यावर ड्युटीची पिशवी, सिंदेवाही फीडरला जायची घाई.
बोट एकेका ओळीवरून उतरत नऊशेवर थांबलं.
त्या बोटाला नख नाही.
का नाही, हे आमच्याकडे विचारत नाहीत.

"हे काय होय?"
म्हटलं, बोर्डातून वीज घेऊन सगळ्यांना वाटून देतं.
"म्हणजे डीपी."
डीपीच म्हणा.
"डीपी नऊशेचा?"
चपलेत पाय घालत म्हणाले,
"दिवा गेला त दिवाच जाते, बाई.
डीपी गेला त गाव जाते."

मी मॉनिटर खोडला.
टीव्ही आहे घरात, आईच्या मालिका संपल्या की माझा.
त्या हिरव्या ठिपक्याचं मात्र वाईट वाटलं,
न पाहिलेल्याचंही वाटतं कधी.

रविवारी बाबांनी न्हाणीमागे खड्डा खणला.
कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा,
मधोमध भंगारातून तोलून आणलेली तांब्याची पट्टी.
आई म्हणाली, "लोणचं घालता का?"
त्यांनी वर न पाहता बादलीभर पाणी ओतलं.

खोकी नागपूरहून एसटीनं आली.
कंडक्टरनं विचारलं, "अंडे आहेत का यात?"
मी नुसती मान हलवली,
होय की नाही, मलाच कळलं नाही.

प्रोसेसरवर पेस्ट लाखोळीच्या दाण्याएवढी,
जास्त झाली, पुसली, पुन्हा.
रॅम बसवायला हात पुढे केला
तर मागून आवाज:
"आंगातली वीज उतरव आधी."
आम्हीही, म्हणाले, बंद लाईनला हात लावत नाही
तिला मातीशी बांधल्याशिवाय.
बंद केली म्हणजे मेली असं नसते.

मी तांब्याच्या तारेला बोट लावलं.
काही झालं नाही.
तेवढ्यासाठीच लावायचं असतं बहुतेक.

बटण.
पंखा फिरला, थांबला,
माझ्या पोटात खड्डा,
मग पुन्हा फिरला आणि फिरतच राहिला.
आईच्या टीव्हीवर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं:
कीबोर्ड सापडला नाही.

वही पाहिली. सगळं होतं,
स्क्रूसुद्धा होते, साठ रुपयांचे.
कीबोर्ड नव्हता.

बाबा टेस्टर खिशाला लावत म्हणाले,
"लाईन त आली न."