वास येतोय का?

दांडिया बाजारातला तिसरा मजला.
गॅलरीत पाळणा उताणा पडलाय, चारी पाय वर,
आणि मी ओल्या पॉलिशपेपरने घासतेय.
ओल्याच. कोरडं घासलं की धूळ उडते,
आणि या पिवळ्याच्या धुळीवर माझा विश्वास नाही.

पिवळा चुलतसासऱ्यांच्या हातचा, साल बासष्ट.
तेव्हाच्या डब्यांवर आत काय आहे ते लिहीत नसत,
नुसता एक पोपट असे, किंवा उगवता सूर्य.
शिसं गोड लागतं.
पोरं कठडा चाटत बसतात
आणि आपण म्हणतो, दात येताहेत.

एकतीस वर्षं गोरव्याच्या कारखान्यात, रंगाच्या लॅबमध्ये.
डबा उघडायचा, ढवळायचा, काचेवर पातळ ओढायचा,
सुकायला किती मिनिटं ते वहीत लिहायचं, खाली सही.
दिघे सुपरवायझर झाकणाशी नाक नेत,
म्हणत, टोल्युईन जास्त पडलंय,
आणि ते बरोबर निघे.
आम्ही टाळ्या वाजवायचो.
हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यासाठी अर्ज केला होता.
आला पंखा. माझा निरोप समारंभ
त्याच्याचखाली झाला.

शर्वाणी सुरतेहून फोन करते:
आई, नवा घेऊ ना, पांढरेशुभ्र मिळतात ऑनलाइन.
पांढरा कशानं पांढरा, विचार त्यांना.
तू ना, म्हणते ती.
सातवा लागलाय तिला. मी गप्प बसते, आणि घासते.

लाख आणायला संखेड्याला गेले.
जसुभाई खरादींनी पुडी बांधता बांधता
दोन पापुद्रे तोंडात टाकून चघळून दाखवले:
‘बेन, आ तो दवानी गोळी उपर पण चडे.’
खरंय. लाख गरीब बिचारी,
किड्यांनी फांदीवर बांधलेलं घर.
लबाड तो तिला विरघळवणारा स्पिरिट.
तो उडून जाईपर्यंत खिडक्या सताड,
आणि देवापुढचा दिवा शेजारी घोरपड्यांकडे.
देव आमचे, तेल त्यांचं.
उरलेला स्पिरिट त्याच्याच डब्यात, वर लाल अक्षरं.
सरबताच्या बाटलीत नाही:
रसीलाबेनच्या नातवानं तेवढ्या एका चुकीत
अख्खा उन्हाळा दवाखान्यात काढला.

पायांना जवसाचं तेल.
चिंधी मात्र बोळा करून फेकायची नाही.
बोळ्यात ती आपली आपणच तापत जाते,
काडी नाही, ठिणगी नाही,
आणि पहाटे कोपरा पेटलेला.
म्हणून घड्या उलगडून दोरीवर, चिमटे लावून.
घोरपडे वहिनी म्हणाल्या, ही कसली मेली धुणी?
म्हटलं, आवळून ठेवलं ना वहिनी, की आतल्या आत पेट घेतं.
त्यांना वाटलं, मी त्यांच्या नणंदेबद्दल बोलतेय.
बराच वेळ बसल्या मग. चहा झाला.

आता एवढंच राहिलं, आणि तेच मला येत नाही.
चौदा वर्षं झाली, मला वास येत नाही.
करपलेली फोडणी धुरावरून कळते,
हिंग बोटांना चिकटला की.
तपासणारे डॉक्टर म्हणाले होते, वयानं होतं असं.
वय तेव्हा सत्तेचाळीस.

म्हणून जो येईल त्याला गॅलरीत नेते.
गॅसवाला म्हणाला, येतो, इंजेक्शनसारखा.
आठव्या दिवशी इस्त्रीवाल्याची पोर: अं, जरासा.
बाराव्या दिवशी पोस्टमन,
खिशातली पेनं एका हातानं दाबून धरत वाकला
आणि आत डोकं घालून बराच वेळ तसाच राहिला.
काय येतंय?
लाकूड, म्हणाला. नुसतं लाकूड.

वहीत लिहिलं: बारा दिवस.
खाली सही केली, हात सवयीनं गेला.
पाळणा सरळ केला, झोका दिला एक, रिकाम्याला.

तरी अजून चार दिवस बाहेरच राहू दे.
पोस्टमनला सर्दी असेल.