दहापैकी

समितीत तिघं: प्राचार्य, विद्यापीठाकडून आलेले निरीक्षक,
आणि माजी खेळाडू म्हणून मी.
नवतपा संपलाय, ऊन अजून संपलेलं नाही.
शिपाई कूलरच्या वाळ्यावर मग्ग्यानं पाणी ओततो.
फॉर्मवर दोनच रकाने:
खेळाडूंची निवड. खेळाडूंची जडणघडण.
दहापैकी गुण द्या.

अकरा वर्षं. चषक एक. उपान्त्य फेरी तीनदा.
"आकडे बोलतात," निरीक्षक म्हणाले.
बोलत असतील.
हेडाऊ सर बोलायचे ते शिट्टी दातात धरून:
"पाय काय पाहतं बे, मान पाहा.
बॉल यायच्या आधी ज्याची मान वळते
तो पोट्टा आपला."

अशी मान शोधत ते स्कूटरवरून कामठीला जायचे,
रमजानच्या रात्री, तरावीह झाल्यावर
दिवे लावून चालणाऱ्या सामन्यांना.
नौशाद तिथं सापडला, दिवसा बर्फाच्या लाद्या ओढणारा.
जोगा मडावी एटापल्लीच्या आश्रमशाळेतून आला,
एल्विन मेकोसाबागेतल्या चर्चच्या मागून,
आणि मी कळमन्याच्या मिरची बाजारातून,
पोत्यांवरून उड्या मारत, शिंकत.
"इतका शिंकला, पण दम नाही गेला याचा,"
सरांनी माझ्या बापाला सांगितलं,
आणि फीचं काय ते मी पाहतो, हेही.

निवडीला नऊ.
पेन अडलं नाही.

दुसऱ्या रकान्यावर अडलं.
नौशादचा गुडघा गेला दुसऱ्या वर्षी.
पट्टी आवळून त्याला उपान्त्य सामना खेळवला.
जिंकलो. तो आता जिना चढताना कठडा धरतो.
जोगा दिवाळीला गावी गेला तो गेलाच.
होस्टेलात त्याच्याशी बोलायचं कोणी नव्हतं.
सरांनी माडियातले चार शब्द शिकून घेतले होते,
पाचवा लागला तेव्हा
त्यांच्याकडे नव्हता.

प्राचार्यांनी एक वही टेबलावर टाकली.
"हा यांचा दस्तऐवज! एका गोलची नोंद नाही."
खरंच नव्हती.
होते बुटांचे नंबर.

जोगा मडावी, जून, सहा.
जोगा मडावी, ऑक्टोबर, सात.
जोगा मडावी, आणि पुढे कोरं,
पान संपेपर्यंत त्या ओळीवर दुसरं कोणी लिहिलेलं नाही.

नौशाद, आठ. नौशाद, आठ.
नौशाद, उजवा आठ, डावा पट्टीसकट नऊ.
खाली पेन्सिलीनं: माझी चूक.

मग माझं नाव.
साडेसहा. मान वळते. घाबरतो.
दिवाळीपर्यंत मैदानात टाकू नये, मोडेल.

त्या दिवाळीपर्यंत बाकावर बसून
मी या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या.
आमदाराच्या भाच्यासाठी मला बसवलं, असं सगळ्यांना सांगत होतो.
लग्नातसुद्धा सांगितलं. माझ्याच.

"लवकर करा," निरीक्षक म्हणाले, "मला सेवाग्राम पकडायचीय."
मी वही मिटली, पुन्हा उघडली.
दहा लिहावेसे वाटले, तर नौशादचा कठडा आठवला.
चार लिहावेत तर ती पेन्सिल.
सहा लिहिले. सही केली.
सही करताना हात मिरचीचा असल्यासारखा झोंबला.

बाहेर सर फक्कीच्या डब्यानं रेषा मारत होते,
सोमवारच्या निवड चाचणीसाठी.
सोमवारी ते इथं असतील की नाही, ते माझ्या हातातल्या कागदावर होतं.
कॉर्नरचा चौथा भाग मारून ते सरळ झाले.
"किती दिले?"
"सहा."
"जास्त दिले बे."
पुन्हा वाकले, अर्ध्यात थांबले.
"अन् तुझा नंबर काय आहे आता, बुटाचा?"
"आठ," मी म्हणालो.
फक्कीनं पांढऱ्या झालेल्या हातांनी
ते खिसे चाचपू लागले,
पेन्सिलीसाठी.