एक तृतीयांश

अकरा वर्षं तिथे येस्टिनची गाडी उभी होती.
उभी म्हणजे काय, विटांवर बसवलेली.
चाकं त्याने एका शनिवारी विकली,
इंजिन दुसऱ्या शनिवारी,
आणि मग शनिवार संपले.

या फेब्रुवारीत टो-ट्रक आला.
गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे हलले.
गाडी गेली, खाली उरली
काळी, चेपलेली, उजेड विसरलेली माती,
एक पाना आणि दोन पेन्सचं नाणं.
नाणं मी ठेवलं. पाना इडवाल घेऊन गेला.

इडवाल शेजारचा. खाण बंद पडल्यावर
तीस वर्षं त्याने क्लबचं बोल्सचं मैदान राखलं.
माणसांशी तो फार बोलत नाही,
गवताशी बोलतो, तेही रागावून.
"खण. दगड वेच. टाचांनी दाब.
टाचांनी, मेना, चवड्यांनी नाही."
तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली बाई
बारा फूट बाय नऊ फूट
टाच-टाच चालली, पेंग्विनसारखी,
आणि समोरच्या डोंगरावरच्या मेंढ्यासुद्धा
चरायच्या थांबल्या.

बी पेरलं. चिमण्या आल्या.
दोऱ्याला बिस्किटांचे चंदेरी कागद बांधले.
चिमण्यांनी ते बघितले आणि जेवत राहिल्या.

अठरा दिवस काही नाही.
एकोणिसाव्या दिवशी गाल जमिनीला लावून पाहिलं
तर होतं. हिरवं नव्हे,
हिरव्याची शंका.
उठून उभी राहिले तर पुन्हा नुसती माती.
त्या आठवड्यात मी बरीच आडवी झाले.

मे महिन्यात गवत मधल्या बोटाएवढं झालं,
दवाने एका अंगाला झुकलेलं.
कुंपणावरून इडवाल: "एक पात ओढून बघ.
हातात आली तर अजून थांब."
ओढली. नाही आली.
दोन महिन्यांचा जीव,
आणि त्या तेलकट मातीला असा धरून बसलेला
की मलाच सोडावं लागलं.

मग त्याने ढकलायचं यंत्र आणलं.
पात्यांना रात्री धार लावली होती;
शवविच्छेदनासारखा गंभीर होऊन
त्याने वर्तमानपत्राची पट्टी कापून दाखवली.
"बोथट पातं कापत नाही, उपटतं.
ओल्यात नको. वळताना टाच रोवू नकोस.
आणि वरचा एक तृतीयांशच घे.
जास्त घेतलंस तर ते घाबरतं."

गवत घाबरतं हे मला माहीत नव्हतं.

येस्टिनचं जावळ मी याच पायरीवर काढलं,
शिवणाच्या कात्रीने.
त्याला उचकी लागलेली, माझा हात हलला,
डाव्या कानावर टाळूच दिसायला लागली,
मग ते लपवायला बाकीचंही तेवढंच.
एका दुपारीत सगळं.
एक तृतीयांश वगैरे मला कुणी सांगितलं नव्हतं,
केसांबद्दल नाही,
नंतरच्या कशाबद्दलही नाही.

सहा पट्टे, जाताना आणि येताना.
कापलेलं इतकं कमी की लोटीत मावलं,
आणि वास मात्र अख्ख्या गल्लीभर.
मधोमध, जिथे इंजिन ठिबकायचं,
तिथे बशीएवढ्या जागेत काहीच उगवलेलं नाही.
त्यावरून जाताना यंत्राचा आवाज बदलतो:
दातांत काही नसताना दात फिरतात तसा.
इडवाल म्हणाला, क्लबमधून तुकडा आणतो, बसवू.
मी म्हटलं, बघू.
त्याने टोपी सरळ केली. याचा अर्थ त्याला समजलं,
किंवा टोपी वाकडी झाली होती.

रविवारी हॉबार्टहून फोन.
तिकडे हिवाळा लागतोय म्हणे, लाकडं महाग.
इकडे काय?
"गवत कापलं," मी म्हणाले.
"कुठलं गवत?"

खिडकीबाहेर भुरभुर सुरू झाली होती.
मी सांगितलं त्याला,
वरचं वरचं.
बाकीचं पुढच्या आठवड्यात,
कोरडं असलं तर.