वीस रुपये तास

विडी घरकुलात, पाण्याच्या टाकीखाली माझं दुकान.
एक टीव्ही, एक जुना डबा, चार रिमोट.
तिसऱ्याचं उडीचं बटण दाबलं की दाबलेलंच राहतं,
तो नवीन गिऱ्हाइकाला.

मे महिन्यात पोरं येतात ती आधी कूलरसाठी,
मग खेळासाठी. मला माहीत नाही असं नाही.

यंदा जी चकती आणली
तिच्यात दोन कंपन्यांची सोंगं एकाच मैदानात उतरलीत.
ह्या कंपनीचा ॲप्रनवाला बेडूक,
त्या कंपनीचं चष्मा लावलेलं खवल्या मांजर.
वीस वर्षं ह्यांचं जमलं नाही.
बेडकाच्या डब्यात खवल्याची चकती चालायची नाही,
त्यावरून शाळेत डोकी फुटली;
एक माझं, भुवईवर खूण आहे.
आता दोघं शेजारच्या पट्ट्यांत
ढुंगण वर करून वाकलेले,
बंदूक कधी वाजते म्हणून.

मला नवल नाही वाटलं.
मधल्या मारुतीपाशी हातगाडीवर पाहिलंय मी
हत्ती छाप चादर, मोर छाप चादर
एकाच सुतळीत आवळलेल्या,
मालक दोघे लग्नातसुद्धा एका पंगतीत बसत नसताना.

रिलेला चौघं लागतात.
श्रीहरी चिप्पा, सादिक, रेवणसिद्ध,
आणि शिकवणी बुडवून आलेली रोहिणी यन्नम.
शिव्या चार भाषांत,
काठी मात्र पुढच्याच्या हातात नीट पडते.

त्या दिवशी अंबव्वा चिप्पा आली.
कारखान्यात माल देऊन, रिकामं सूप काखेत,
बोटांना तंबाखूचा वास.
"इंटिकी रा," म्हणाली. श्रीहरी हलला नाही.
तिने रिमोट हिसकावला, मारायलाच बहुतेक,
आणि तेवढ्यात बंदूक वाजली.

"बटण दाब, अम्मा! दाब, दाब, दाब!"

ती उभीच होती.
सूप पडलं. तिने पाहिलंही नाही.
रोज हजार विड्या वळणारा अंगठा तो,
पान, तंबाखू, वळ, दुमड, दोरा,
झोपेतही चादरीची कड वळत बसतो
असं श्रीहरीच सांगतो.
बेडूक सुटला तो असा सुटला
की त्याचे पाय दिसेनात,
खवल्याचा चष्मा वाऱ्याने वाकडा झाला,
शंभर मीटर संपून पुढे भिंत आली
तरी ही थांबेना.

पोरं गप्प. कूलर तेवढा बोलत होता.

"आता छाट किती?" तिने विचारलं.
कारखान्यात हजारातल्या शंभर बाजूला टाकतात,
वाकडी आहे, ढिली आहे.
मी म्हटलं, इथं छाट नाही, बाई.
जेवढं दाबलं तेवढं तुमचं.
तिने माझ्याकडं असं बघितलं
जसं खोटी नोट देणाऱ्याकडं बघतात.

नावासाठी तीन अक्षरं मावतात.
श्रीहरीने भरली. मी वाचली नाहीत,
पण अजून तीच वर आहेत;
लष्करातून, साखर पेठेतून पोरं येतात,
अंगठे सुजवून परत जातात.

जाताना तिने पदराची गाठ सोडली,
वीसची नोट माझ्यापुढं ठेवली,
भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं,
आणि हात पुढे केला.
चारच मिनिटं झाली होती.
उरलेले पैसे
मोजून घेऊन गेली.