उजवीकडचा माणूस

'विकणे आहे' एवढं पुठ्ठ्यावर लिहिलं
आणि पुढे काय लिहावं ते सुचेना.

पॉन्टियाक, सदुसष्टची, दोन दारांची,
छप्पर मागे दुमडून ठेवता येणारी.
आठ सिलिंडर. पेट्रोल पिते असं म्हणू नये,
पेट्रोलने आंघोळ करते.
स्टिअरिंग डावीकडे.

वागळे इस्टेटला, रोड नंबर सोळाच्या मागे
बंद पडलेल्या डायकास्टिंगच्या शेडमध्ये सापडली तेव्हा
बॉनेटखाली मांजरीची चार पिल्लं होती
आणि प्लग एकही नव्हता.
पिल्लं चालायला लागेपर्यंत आम्ही थांबलो.
आम्ही म्हणजे मी आणि हिराजी तांडेल,
चेंदणी कोळीवाड्याचा, पेंटर,
बापाची होडी विकून कॉम्प्रेसर घेतलेला.

अकरा वर्षं लागली.
मधली तीन पैसे नव्हते, तीही धरून.

डॅशबोर्डखाली टिचभर मूळ रंग शिल्लक होता.
दुकानातल्या कॉम्प्युटरने त्याला नुसतंच निळा म्हटलं.
दुसऱ्या दिवशी हिराजी बर्फात गुंडाळून सुरमई घेऊन आला,
काउंटरवर आडवी ठेवली, म्हणाला,
हिची पाठ. पोट नको, पाठ.
दुकानदाराने पुढे आठवडाभर उदबत्त्या लावल्या.
पण रंग बघा.

गिऱ्हाईक नेरुळहून आलं. पोरगाच. पांढरे बूट.
मोबाइलच्या टॉर्चने खालून वरपर्यंत बघितलं,
विचारलं, ओरिजिनल किती टक्के?
मी खरं ते सांगितलं.
छप्पर शिवलंय राबोडीच्या मांडववाल्याने,
हेडलाइटच्या रिंगा कळव्याला लेथवर काढल्या,
हॉर्न एसटीचा आहे.
इंजिन तिचंच. आवाजही तिचाच.

एक सांगायचं राहिलं.
हिच्यात डावीकडे बसलं की
पुढच्या ट्रकपलीकडचं काही दिसत नाही.
उजवीकडे माणूस लागतो.
त्याने मान बाहेर काढून सांगायचं,
नाही, नाही, थांब, जरा थांब, हां, मार.
टोलचे सुटे पैसेही त्यानेच द्यायचे.
टोल आता माफ झाला,
ट्रक काही माफ झाले नाहीत.
इतकी वर्षं गाडी मी चालवली, रस्ता हिराजीने बघितला.
समोरून काही आलंच असतं
तर आधी त्याच्या अंगावर.
हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी साखरेने त्याचे डोळे नेले,
आधी एक, मग त्याच्या सोबतीला दुसरा.

ट्रायलला तोही आला, मागच्या सीटवर, हात दारावर.
आपणच मारलेला रंग बोटांनी चाचपत
एका जागी थांबला, म्हणाला, इथे कोट जाड झालाय.
पोरगा स्टिअरिंगवर.
मी पहिल्यांदाच उजवीकडे.

गायमुखच्या पुढे घाटात टँकरमागे अडकलो.
पोराने माझ्याकडे बघितलं.
माझं तोंडच उघडेना.
केवढा रस्ता दिसतो तिथून,
काय काय येताना दिसतं,
आणि जे आलेलं नाही तेही.

मागून हिराजी म्हणाला, मार.
पोराने मारली.
सुरमईची पाठ टँकरला घासता घासता सुटली,
आठही सिलिंडर एकदम बोलले,
समोर खरंच काही नव्हतं.

काजूपाड्याला चहा घेताना पोरगा विचारत राहिला,
काका, तुम्हाला कसं कळलं?
हिराजीने बशी खाली ठेवली.
मला काय कळतंय? हा गप्प होता ना.
आडवं काही असतं तर ओरडला असता.

मी साखर ढवळत बसलो.
माझ्या चहात साखर नव्हती.

पोराने दोन दिवस मागितले आहेत.
तोवर पुठ्ठा आहे तिथेच आहे,
फक्त खाली एक ओळ वाढवली:
उजवीकडे बसायला माणूस ज्याचा त्याने आणावा.
भावात तो धरलेला नाही.