शून्याला दहा

गावाचं नाव मार्च. आम्ही पोचलो ऑक्टोबरात.
हा विनोद जेराल्ड दर वर्षी करतो
आणि पिवळं जाकीट चढवून लगेच गंभीर होतो:
वारा किती, ढग कुठवर, शेजारच्या गाई कुठल्या बाजूला.

माझं रॉकेट म्हणजे पुठ्ठ्याची नळी,
प्लायवूडचे तीन पंख,
त्यातला एक केसभर तिरका, कुणाला सांगितलं नाही.
पॅराशूट मोडक्या छत्रीचं, पीटरबरोच्या बाजारातलं.
मधल्या कप्प्यात बोटाएवढी पाटी,
तिच्यावर तुरीच्या डाळीएवढा एक कान
हवेचा दाब ऐकणारा.
त्याला श्वास घेता यावा म्हणून नळीला चार भोकं पाडली,
दाभणानं, अंतर मोजून.

दिवसभर मी लोकांची श्रवणयंत्रं दुरुस्त करते.
मळ, गंजलेले सेल,
आणि मिसेस थर्लबी: मला नीट ऐकू येतं गं, लोकच पुटपुटतात.
रात्री त्याच सोल्डरिंगच्या टोकानं ही पाटी जोडली.
धूर तोच, भिंगही तेच.
फक्त इथे बिघडलेलं काही नव्हतं
म्हणून हात जास्त कापत होते.

पाच, चार, तीन, दोन, एक.
काहीच नाही.
वात ओली. पुन्हा रांगेत.

दुसऱ्यांदा मात्र
मांजरपाट टर्रकन फाडावं तसं आभाळ फाटलं
आणि मी तोंड मिटायच्या आत ते ढगाच्या कडेला ठिपका.
मग ठिपकाही नाही.
मग छत्री, काळी, तिरकी,
वाऱ्यावर कालव्यापलीकडे निघालेली
जणू कुणाला तरी आणायला चालली आहे.

बीटाचं शेत गुडघाभर, पानं ओलीचिंब.
बाकीचे सगळे शोधत चालले. मी थांबले.
डोळे मिटले.

बीप बीप बीप.
थांबला.
बीप.
थांबला.
मग एकामागून एक दहा.

तीन, एक, शून्य. तीनशे दहा मीटर.
शून्य सांगायलाच त्याला सगळ्यात जास्त बोलावं लागतं.
गप्प राहिला असता तर कळलं कसं असतं
तो शून्य म्हणतोय, की संपलाय?

जेराल्ड त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता,
दुसरीकडे बघत.
म्हणाला, इथे काही दिसत नाही, पुढे जाऊ.
चार हजार हर्ट्झच्या पुढे उतरत जाणारी ती रेघ
मी रोज कागदावर काढते.
त्याच्या पायाशी वाकले, पानं बाजूला केली.
तिरका पंख मोडला होता. कान शाबूत.

किती गेलं, त्यानं विचारलं.
मी बोटं दाखवली: तीन.
मग एक.
मग दोन्ही हात, दहाही बोटं, चिखलासकट.

तीनशे वीस! जेराल्ड ओरडला.
मी दुरुस्त केलं नाही.
सोमवारी दुकानात ये, म्हटलं, चहाला.
काय, म्हणाला.
मी पुन्हा, जरा मोठ्यानं.